पंजा इंचात, वर्तणूक एका ठिपक्यात: तीन वर्षं वापरलेलं ड्राफ्ट गाईड

2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं मी एकाच प्रकाशनाचं, एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टचं (नव्या खेळाडूंच्या निवडीचं) गाईड पैसे भरून घेतलं. वीस डॉलरला पीडीएफ, आणखी पंधरा दिले की छापील प्रत घरी येते. मी दोन्ही घेते, कारण माझ्या मुलाला ते स्क्रीनवर वाचायचं असतं आणि मला हातात पेन्सिल घेऊन. नाव मुद्दाम लिहीत नाही. जी खोट मला सांगायची आहे ती मी चाळलेल्या आणखी दोन गाईडांतही कमीजास्त प्रमाणात दिसली, त्यामुळे एकट्यालाच धारेवर धरणं बरोबर नाही.

मी मूळची कोल्हापूरची. फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, पेठापेठांतल्या तालमींचे संघ आणि आपली तालीम हरली की रात्री न जेवणारे माझे काका, हेच डोळ्यांपुढे यायचं. 2006 मध्ये लग्न होऊन अमेरिकेत सिनसिनाटीला आले तेव्हा इथल्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, हेही ठाऊक नव्हतं. नवऱ्याने पहिल्या हिवाळ्यात इथल्या बेंगल्स संघाची मॅच दाखवली, समजावून सांगितली, आणि तेव्हापासून तो माझा संघ झाला. दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण हे गाईड मी त्याच डोळ्यांनी वाचते. गेली आठ वर्षं, महिन्यातून चार रात्री, मी घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर फोन घेते. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या बायकांचे फोन बहुतेक माझ्याकडेच येतात.

ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही. मागच्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिला नंबर मिळतो आणि विजेत्याला शेवटचा. बत्तीस संघ, सात फेऱ्या, तीन दिवस. कॉलेजातून आलेल्या मुलाला संघ निवडता येत नाही, संघ त्याला निवडतो. तो कितव्या नंबरवर गेला त्यावर त्याचा पहिल्या चार वर्षांचा करार ठरतो, म्हणून पहिल्या फेरीतून तिसऱ्या-चौथ्यात घसरणं म्हणजे लाखो डॉलरचा फरक. आणि मुलगा का घसरला याचं उत्तर पुष्कळदा दोन शब्दांत देतात: कॅरेक्टर कन्सर्न्स, म्हणजे वर्तणुकीबद्दलच्या शंका.

गाईड खेळाबद्दल उत्तम आहे, हे आधी मोकळेपणाने सांगते. प्रत्येक खेळाडूला एक पूर्ण पान. वर उंची, वजन, हाताची लांबी, पंज्याची रुंदी, चाळीस यार्ड धावायला लागलेला वेळ. इंडियानापोलिसला फेब्रुवारीअखेर कम्बाइन, म्हणजे खेळाडूंची मापं आणि चाचण्या घेणारं शिबिर, होतं, तिथली मापं आली की चार दिवसांत सुधारित पीडीएफ ईमेलवर येते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. खाली लिहिणारा माणूस खरोखर सामन्यांची फिल्म बघून लिहितो. ऑफेन्सिव्ह लाइनची, म्हणजे पुढे उभं राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या भिडूंची, पानं तर मी दुसऱ्यांदा वाचते. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखणाऱ्या डाव्या टॅकलचा (लाइनच्या टोकाच्या भिडूचा) हात लांब का लागतो, धावत आलेल्या भिडूच्या छातीवर आधी पंजा टेकला तर तो कसा थोपतो, कोणत्या मुलाचे पाय तिसऱ्या पावलाला एकमेकांजवळ येतात, हे सगळं इतकं नीट मांडलेलं असतं की रविवारच्या मॅचमध्ये मला ते दिसायला लागलं. माझ्या मुलाने आठवीत असताना याच गाईडवरून मला "झोन ब्लॉकिंग" समजावलं होतं. छापील प्रतीची बांधणीही चांगली आहे, पानं सुटत नाहीत आणि समास भरपूर सोडलेला आहे.

आता पानाच्या तळाची ओळ. तिथे "कॅरेक्टर" असा शब्द आणि पुढे एक ठिपका: हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल असेल तर कधीकधी एक वाक्य, "मैदानाबाहेरच्या प्रश्नांची चौकशी आवश्यक." बस्स.

2025 च्या गाईडमधली दोन पानं सांगते. मुलांची नावं देत नाही, दोघंही विशीतली पोरं आहेत. पहिल्याच्या पानावर लाल ठिपका आणि वरचंच वाक्य. मी त्याच्या कॉलेजच्या गावातल्या वर्तमानपत्राचे जुने अंक शोधले. दोन वर्षांपूर्वी गांजाच्या चाचणीत तो सापडला होता, तीन सामने बसवला होता, पुन्हा काही नाही. ज्या ओहायोत मी राहते तिथे 2023 च्या मतदानानंतर एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने गांजा बाळगणं कायदेशीर आहे. दुसऱ्याच्या पानावरही लाल ठिपका, आणि तेच वाक्य, अक्षरही बदललेलं नाही. त्याच्या काउंटीच्या कोर्टाच्या संकेतस्थळावर प्रकरण सापडलं. वसतिगृहाच्या जिन्यावर त्याने मैत्रिणीचा गळा धरला होता.

हेल्पलाइनचं प्रशिक्षण घेतलेल्या कुणालाही विचारा. गळा धरणं ही आमच्याकडे सगळ्यात गंभीर खूण मानली जाते. फोनवरची बाई म्हणाली की त्याने मान आवळली, तर आम्ही पुढचे प्रश्न बाजूला ठेवून आधी तिच्या जिवाचं बघतो, कारण एकदा गळा धरलेला माणूस पुढे तिचा जीव घेण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढलेली असते. आणि इथे तोच लाल ठिपका, गांजा ओढलेल्या मुलाचा तोच. त्या दुसऱ्या मुलाच्या पंज्याचं माप वर एक अष्टमांश इंचापर्यंत दिलं होतं. तो पंजा कुठे पडला होता ते पानावर नव्हतं.

आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक" असा रकाना असायचा आणि सगळ्यांच्याच पुढे "चांगली" लिहिलेलं असायचं. कारकुनाने एका बैठकीत भरलेला तो शब्द कुणी वाचायचं नाही, कारण त्यातून काही कळायचं नाही. हा ठिपका त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की याच्यावर माणसांचे लाखो डॉलर ठरतात. आणि "कॅरेक्टर"ला आपल्याकडे जो शब्द आहे, चारित्र्य, त्याचं तर मला जास्तच वाटतं. मराठी वर्तमानपत्रात तो बहुतेक वेळा एकाच बातमीत येतो: चारित्र्याच्या संशयावरून पत्नीला मारहाण. मार खाल्लेल्या बाईचं चारित्र्य छापून येतं. इथे मारणाऱ्याचं येतं, पण तिचा उल्लेखच गळतो. दोन्हीकडे घडलेली गोष्ट शब्दाआड जाते.

गाईडच्या शेवटी "घसरलेले हिरे" असा आठ पानांचा भाग आहे. जुन्या ड्राफ्टमधले असे खेळाडू, जे वर्तणुकीमुळे खाली गेले आणि ज्यांना घेणाऱ्या संघाचं सोनं झालं. त्यात कॅन्सस सिटीचा टायरीक हिल मानाने बसवला आहे. 2016 ची पाचवी फेरी, 165 वा नंबर, पुढे सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत. हे सगळं खरं आहे, मीही 2020 च्या फेब्रुवारीतला त्याचा तो 44 यार्डांचा झेल श्वास रोखून पाहिला होता. पण तो 165 पर्यंत का घसरला? डिसेंबर 2014 मध्ये गरोदर मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली, ओक्लाहोमा स्टेट या त्याच्या कॉलेजने संघातून काढलं, पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. गाईडमध्ये या सगळ्याला "ऑफ-फील्ड बॅगेज" म्हटलं आहे. बॅगेज म्हणजे त्याचं ओझं. ओझं खरं कुणी वाहिलं?

याच भागात जो मिक्सन हा बेंगल्सचा तेव्हाचा खेळाडूही आहे, आणि इथे मला थांबावंच लागतं, कारण ते मी या गावात राहून पाहिलं.

जुलै 2014 मध्ये, ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावच्या एका सँडविचच्या दुकानात, मिक्सनने एका विद्यार्थिनीच्या तोंडावर ठोसा मारला. तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. कॉलेजने त्याला वर्षभर खेळू दिलं नाही, कोर्टाने शंभर तास समाजसेवा आणि समुपदेशन सांगितलं. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण डिसेंबर 2016 मध्ये बाहेर आलं, तेव्हा देशाने ते पाहिलं. लीगने त्याला कम्बाइनला बोलावलं नाही. खेळ पाहिला तर तो पहिल्या फेरीचा होता. 28 एप्रिल 2017 ला बेंगल्सने दुसऱ्या फेरीत, 48 व्या नंबरवर त्याचं नाव घेतलं.

त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. ऑफिसात, देवळाच्या पार्किंगमध्ये, मुलाच्या शाळेबाहेर. माझी एक मैत्रीण म्हणाली, अठरा वर्षांचा होता, शिक्षा भोगली, आता किती दिवस? मला तिचं म्हणणं पटत होतं आणि तरी ते चित्रण डोळ्यांसमोरून जात नव्हतं. मी त्या हंगामात स्टेडियमला गेले नाही. त्याच वर्षाच्या शेवटी हेल्पलाइनच्या प्रशिक्षणाला नाव दिलं. मिक्सनमुळेच दिलं असं म्हणणार नाही, पण त्या एप्रिलमध्ये ठरवलं हे नक्की.

पुढे काय झालं तेही लिहिते. 2018 मध्ये तो 1,168 यार्ड धावला. 2022 च्या फेब्रुवारीत आम्ही सुपर बोलमध्ये होतो, तेहतीस वर्षांनी. मिक्सनने चेंडू हातात घेतला, धावतोय असं भासवलं आणि टी हिगिन्सला टचडाउनचा पास फेकला. आमच्या बैठकीच्या खोलीत चौदा माणसं होती, सगळी उठून ओरडली, मीही ओरडले. ओरडून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिले. त्या मुलीनेही ही मॅच लावली असेल का, एवढंच डोक्यात होतं. आम्ही हरलो, 23-20. पुढच्या वर्षी त्याच्यावर धमकी दिल्याचा एक खटला झाला आणि त्यातून तो निर्दोष सुटला. हेही त्याच्या खात्यावर लिहायला हवं, कारण निर्दोष म्हणजे निर्दोष.

मग संघाने त्याला घ्यायला नको होतं का? मला इतकं सरळ उत्तर देता येत नाही, आणि गाईडकडूनही मी ते मागत नाही. मी मागते ती माहिती. माणसाने दुसऱ्या माणसाच्या शरीराला इजा केली असेल तर ती गोष्ट गांजा, उशिरा येणं, प्रशिक्षकाला उलट बोलणं यांच्या रांगेत बसवू नका. तिला वेगळी ओळ द्या. काय झालं, कुणाला झालं, कोर्टाने काय ठरवलं, त्यानंतर त्याने काय केलं. हे लिहिलं की मग वाचणाऱ्याने कौशल्य आणि ते कृत्य आपापल्या हाताने तोलावं. ठिपका ते तोलूच देत नाही.

ठिपक्याचा दुसरा अन्याय उलट दिशेचा आहे, आणि तो गाईडमध्ये कुठेच नाही. लेल कॉलिन्स. लुइझियाना स्टेटचा लाइनमन, 2015 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत जाणार असं सगळे धरून चाललेले. ड्राफ्टच्या काही दिवस आधी बॅटन रूजमध्ये त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीचा गोळी घालून खून झाला. ती गरोदर होती. पोलिसांना त्याच्याशी बोलायचं होतं. तो संशयित नाही हे पोलिसांनी जाहीर सांगितलं होतं. त्याने लीगला विनवलं, माझं नाव या वर्षी काढून घेऊ द्या. लीग नाही म्हणाली. सात फेऱ्यांत 256 मुलं निवडली गेली, त्यात तो नव्हता. आठवडाभराने पोलिसांशी बोलणं झाल्यावर डॅलस काउबॉइजने त्याला करार दिला, पण तोपर्यंत पहिल्या फेरीचे पैसे हातचे गेले होते. एक मुलगी मेली होती, ज्याने काही केलं नव्हतं त्याच्या पुढे लाल ठिपका लागला होता, आणि त्या ठिपक्यातून या दोन्हींपैकी काहीच कळलं नसतं. 2022 मध्ये तो आमच्याकडे आला, बेंगल्सचा उजवा टॅकल म्हणून. डिसेंबरमध्ये गुडघा गेला तोपर्यंत आमचा क्वार्टरबॅक जो बरो याला राखत होता. मी त्याच्या नावाने ओरडले तेव्हा मला स्वयंपाकघरात जावं लागलं नाही.

रँडी मॉसबद्दल गाईड भरभरून लिहितं आणि ते योग्यच आहे. आमच्याच ओहायो नदीच्या काठी, वरच्या अंगाला हंटिंग्टनला मार्शल विद्यापीठ आहे, तिथे तो खेळायचा. शाळेतल्या मारामारीनंतर नोटर डेम विद्यापीठातली जागा गेली, मग गांजामुळे फ्लोरिडा स्टेटची. 1998 मध्ये बेंगल्सना पहिल्या फेरीत दोन नंबर होते, 13 वा आणि 17 वा. दोन्ही वेळा त्याला सोडला. मिनेसोटाने 21 व्या नंबरवर उचलला. डॅलसनेही आठव्या नंबरला सोडला होता; त्याच वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला तो डॅलसमध्ये जाऊन तीन झेल, 163 यार्ड आणि तीन टचडाउन करून आला. आता तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. पण त्याच पानावर 1996 चा लॉरेन्स फिलिप्स का नाही? नेब्रास्कात मैत्रिणीला मारहाण केली, तरी सेंट लुइस रॅम्सनी सहाव्या नंबरवर घेतला आणि त्याच्यासाठी जागा करायला जेरोम बेटिसला पिट्सबर्गला देऊन टाकला. बेटिस हॉल ऑफ फेमला गेला. फिलिप्सला रॅम्सनी दुसऱ्याच हंगामात काढलं, आणि 2016 मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मेला. नुसते हिरे दाखवायचे आणि दगड लपवायचे, ही यादी वाचणाऱ्याला चुकीचं शिकवते. माझा मुलगा दोन वर्षं असंच समजत होता की घसरलेला खेळाडू म्हणजे स्वस्तात मिळालेला चांगला खेळाडू.

मी इथे आले त्याच वर्षी बेंगल्सच्या नऊ खेळाडूंना एकापाठोपाठ एक अटक झाली होती. टीव्हीवर रोज त्यांची चित्रं. त्यातलं एक तोंड ख्रिस हेन्रीचं, 2005 च्या तिसऱ्या फेरीतला रिसीव्हर. वर्षाच्या आत चारदा अटक, 2007 मध्ये लीगने आठ सामने बसवला, 2008 मध्ये संघाने काढला आणि पुन्हा घेतला. त्याच्यापुढे त्या काळी कुणीही डोळे मिटून लाल ठिपका लावला असता, मीही लावला असता. डिसेंबर 2009 मध्ये शार्लटला एका चालत्या पिकअप ट्रकच्या मागून पडून तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या आईने त्याचे अवयव दान केले. 2010 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या मेंदूत सीटीई आहे, डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार. त्यात माणसाचा राग, आवेग, विचार सगळ्यावरचा ताबा सुटत जातो. आणि तो आजार आहे हे खात्रीने कळतं ते मेल्यानंतर, मेंदू तपासून.

मी ते वाचलं तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. हेन्रीने जे केलं ते सगळं आजाराने केलं असं कुणी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. फोनवरच्या बायकांचे नवरे फुटबॉल खेळलेले नसतात. पण ज्या खेळासाठी आपण त्या मुलाच्या पंज्याचं माप घेतो, त्याच खेळाने त्याच्या डोक्यात काय केलं असेल ते "कॅरेक्टर"च्या रकान्यात कसं मावणार? गाईडमध्ये दुखापतींचा रकाना आहे: गुडघा, घोटा, खांदा. डोक्याला किती वेळा मार बसला याची स्वतंत्र ओळ तीनही वर्षांत नाही.

ठिपका कुणाच्या सांगण्यावरून लागतो, हाही प्रश्न आहे. संघांचे स्काउट कॉलेजात जाऊन ट्रेनरला, सामान सांभाळणाऱ्या माणसाला, अभ्यासाच्या सल्लागाराला विचारतात. संघांच्या सुरक्षा विभागात निवृत्त पोलीस असतात. कम्बाइनला पंधरा-वीस मिनिटांची मुलाखत होते. अशा बंद खोल्यांत काय विचारतात तेही बाहेर आलं आहे. 2010 मध्ये ड्राफ्टआधीच्या भेटीत मायामीच्या जनरल मॅनेजरने डेझ ब्रायंट या खेळाडूला विचारलं होतं, तुझी आई वेश्या होती का? नंतर त्याने माफी मागितली. यातलं थोडंफार झिरपत झिरपत गाईडच्या लेखकापर्यंत येतं, आणि तिथे सांगणाऱ्याचं नाव नसतं. 2025 मध्ये शेड्युअर सँडर्स या क्वार्टरबॅकबद्दल ड्राफ्टआधी असंच निनावी बोललं गेलं: गर्विष्ठ आहे, मुलाखती नीट दिल्या नाहीत. पोलीस केस नाही, कुणाला हात लावलेला नाही. पहिल्या फेरीत जाईल असं पुष्कळांना वाटलेला मुलगा क्लीव्हलँडने पाचव्या फेरीत, 144 व्या नंबरवर घेतला. कदाचित खेळाचीही कारणं असतील, त्यावर जाणकार वाद घालतात. मला फक्त इतकंच दिसतं की मिजास आणि गळा धरणं यांना या पद्धतीत एकच रंगपेटी आहे. आणि "त्याचा स्वभाव जरा तसाच आहे" हे वाक्य मी हेल्पलाइनवर सासवांच्या तोंडून ऐकते, म्हणून मला त्या शब्दाची चीड आहे.

निवड झाल्यावर संघ काय करतो हेही गाईडने सांगावं असं मला वाटतं. बेंगल्सचा स्काउटिंग विभाग लीगमधल्या सगळ्यात लहान विभागांपैकी एक आहे, म्हणजे माणसं पारखायला माणसंच कमी. 2025 मध्ये 17 व्या नंबरवर घेतलेल्या शेमार स्ट्युअर्टचा करार जुलैअखेरपर्यंत अडला तो पैशाच्या आकड्यावर नव्हे. खेळाडूकडून करारभंग झाला तर पुढची हमीची रक्कम रद्द करता यावी, अशा कलमाच्या शब्दांवर अडला. त्या मुलावर कसलाही आरोप नव्हता. संघाला आपले पैसे राखण्यासाठी एवढं बारीक लिहिता येतं. मग समुपदेशन कोण करणार, किती काळ, घरच्यांना अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हेही लिहिता येईल.

2025 च्या मे महिन्यात मी प्रकाशनाला ईमेल केला. दोन्ही पानं जोडली, नावं काळी करून, आणि विचारलं की ही दोन वाक्यं एकच कशी. अकरा दिवसांनी उत्तर आलं, सभ्य होतं. पानावर जागा मर्यादित असते, कायदेशीर सल्ल्यामुळे प्रकरणांचा तपशील टाळतो, वाचकांनी स्वतः शोध घ्यावा. कायद्याची भीती मला कळते. पण कोर्टाच्या संकेतस्थळावर जे कुणालाही दिसतं ते "कोर्टाच्या नोंदीनुसार" असं म्हणून छापता येतं, आणि जिथे नोंदच नाही तिथे ठिपका न लावणं हाही पर्याय आहे. मी तसं परत लिहिलं. त्याला उत्तर नाही.

घ्यावं का? लाइनमन, कॉर्नरबॅक, फिल्म समजून घ्यायची असेल तर वीस डॉलर वसूल होतात, शंका नाही. फँटसी खेळणाऱ्यांना फारसा उपयोग नाही, ते त्यासाठी लिहिलेलंच नाही. शेवटची आठ पानं बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात एकट्याने देऊ नका, शेजारी बसून वाचा. आणि तळाच्या ओळीवर विसंबून कुणाबद्दल मत करून घेऊ नका. पाचपैकी तीन तारे देते, तेही तिन्ही खेळाच्या लिखाणाचे.

2025 चा ड्राफ्ट ग्रीन बेला होता, आम्ही तिन्ही दिवस घरी बसून पाहिला. त्या दोघा मुलांची नावं पुकारली गेली, कितव्या फेरीत ते लिहीत नाही, ओळख पटेल. दुसऱ्याचं नाव आलं तेव्हा स्क्रीनवर त्याचं कुटुंब रडत होतं, आई त्याच्या खांद्यावर डोकं टेकून. माझ्या मुलाने टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "आई, हाच ना तो जिन्यावरचा?" मी हो म्हटलं. तो उठून छापील प्रत घेऊन आला, ते पान उघडलं आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. पंज्याच्या मापाशेजारी मी प्रकरणाचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, आणि खाली तिचं वय: एकोणीस. समासात जागा भरपूर होती.